कासवाचा गाभा

पिशवी मशिनीत गेली आणि पट्टा थांबला. थांबला असावा असं उद्धवरावांना वाटलं, ते पडद्यासमोर बसलेल्या मुलीची मान पुढे आली म्हणून. मशिनीचा आवाज चालू होता की बंद झाला, हे त्यांना सांगता आलं नसतं. मुलीचे ओठ हलले. त्यांनी हसून मान डोलावली. गेली काही वर्षं ते असंच करत आले होते. समोरच्याचे ओठ हलले की हसायचं, मान डोलवायची, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागायचं. आज भागलं नाही. त्यांच्या लेकीनं, दीपमालानं त्यांच्या दंडाला हात लावला आणि कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, “अप्पा, पिशवीत काय आहे विचारतायत त्या. डब्याशेजारी. लांबट, गोल.”

“बोगदा आहे,” उद्धवराव म्हणाले.

“काका, मस्करी नको. उघडा पिशवी,” मुलगी म्हणाली.

बायकोच्या, शालनबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला तो दांडा बाहेर आला. वीतभराहून थोडा लांब, मनगटाएवढा जाड, राखाडी. एका टोकाला हळदीचा पिवळा थर आणि त्यात मुरलेलं कुंकू. मुलीनं पुढे केलेलं बोट कुंकवाजवळ जाऊन थबकलं. “देवाचं आहे का?”

“देवळातल्या कासवाचं आहे, ताई,” दीपमाला म्हणाली. “म्हणजे बोगद्याचंच. म्हणजे, रिजेक्ट झालेलं.”

“रिजेक्ट झालेलं कासव?”

“ओ ताई, आटपा की,” मागून एक जण ओरडला. “त्या कासवापायी माझी गाडी जाईल.”

लोक हसले. उद्धवरावांना हसणं दिसलं. एक वयस्क शिपाई आला, त्यानं दांडा हातात तोलला, का कोण जाणे पण नाकाशी नेऊन हुंगला, आणि परत फडक्यात गुंडाळताना दीपमालाला काहीतरी बजावलं. “गाडीत बाहेर काढू नका म्हणतायत,” तिनं सांगितलं. उद्धवरावांनी पिशवी छातीशी धरली. आत तो दांडा गार होता. काल संध्याकाळी कासवाच्या पाठीतून निघाला तेव्हा मात्र कोमट होता, नुकत्याच निवलेल्या दुधाच्या भांड्यासारखा.

मेट्रोची गाडी उंचावरून चालली. पिंपरीचा बाजार, कॅम्पातल्या दुकानांच्या अर्ध्या उघडलेल्या फळ्या, मोठ्या दवाखान्याची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, सगळं खालून सरकत गेलं आणि उद्धवरावांना वाटलं, आपण नाही, तेच कुठंतरी निघालंय. महाळुंग्यात येऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. बीडकडून आले ते एका पिशवीत दोन सदरे आणि दुसऱ्या पिशवीत मृदंग घेऊन. पण या गाडीत बसायचं अजून राहून गेलं होतं. दीपमालाला मंडईजवळच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आज तिचा पहिला दिवस. महाळुंग्याहून बसनं पिंपरी आणि पुढे ही गाडी. आधी मुलाखतीला ती दोन बसा बदलून गेली होती तेव्हा तिला पोचायला अडीच तास लागले, आणि परत आली ती इतकी मलूल होऊन की शालनबाईंनी तिची दृष्ट काढली. “चला ना अप्पा आज माझ्याबरोबर,” ती आठवडाभर मागे लागली होती. “बोगदा तुम्ही केला आणि तुम्हीच पाहिला नाही.” कालपर्यंत ते टाळत होते. काल संध्याकाळनंतर टाळता आलं नाही.

काल देवळापुढे काय झालं होतं? काहीच नाही झालं. सप्त्याला आठ दिवस राहिले होते, विठोबाच्या देवळापुढे पताकेचा खांब उभा करायचा होता, आणि खांबाला भक्कम बूड हवं होतं. देवळाचं सगळं पाहणारे अर्जुनराव म्हणाले, कासवातच बसवा. हे कासव म्हणजे चार वर्षांपूर्वी यार्डातून आणलेला काँक्रीटचा एक मोठा बाकदार तुकडा. अर्जुनरावांच्याच वडिलोपार्जित रानात ते यार्ड उभं होतं, तिथं बोगद्याला आतून लावायचे तुकडे, सेगमेंट म्हणतात त्यांना, ते ओतले जात. एक तुकडा नापास झाला तो त्यांनी मागून घेतला, क्रेननं आणून देवळापुढे पालथा टाकला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला. पण पालथा पडल्यावर तो वरून फुगीर दिसायला लागला आणि देवळापुढे फुगीर दिसणारं काय असतं? कासव. पहिल्याच एकादशीला कुणीतरी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. मग दुसरीनं वाहिलं. मग आत जाणारी माणसं त्याला हात लावून हात कपाळाला लावू लागली, आणि टेकायला कुणी बसलं तर बाया खेकसू लागल्या. नापास झालेल्याला देव इतक्या सहज पदरात घेतो याचं उद्धवरावांना तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. नापासाची लाल फुली त्यांनीच मारली होती. ती हळदीखाली बुजून गेली.

“देवाच्या कासवाला भोक पाडताय व्हय रं?” छबूबाई पदर खोचून आडवी उभी राहिली होती.

“अगं काकी, शिमिटाचा तुकडा हाय त्यो. मीच आणला न्हवं का?” अर्जुनराव म्हणाले.

“तू आणला तवा तुकडा हुता. आता चार वर्सं झाली, रोज हळदकुकू लागतंय.”

“मग त्यालाच इचार, दुखंल का म्हून.”

शेवटी छबूबाईनं निरांजन आणलं, कासवाला ओवाळलं, कानाची पाळी धरून माफी मागितली आणि बाजूला झाली. यार्डातला भिवा मशीन घेऊन आला होता, पोकळ पात्याचं, जे गोल फिरत खाली जातं आणि मधला गाभा अख्खा बाहेर काढतं. पाणी सोडत सोडत त्यानं भोक पाडलं. गाभा निघाला. अर्जुनरावांनी तो उपरण्यानं पुसला, उन्हाकडे धरून फिरवला, आणि अगदी सहज, कुठलाही डाव मनात नसताना म्हणाले, “ह्यात पोकळ कुटं हाय ओ? उद्धवराव, तुमी तर आतनं पोकळ म्हून फुली मारली हुती. ह्यो तर खव्यावानी हाय निसता.”

“अन् वाजतोय बी कसला!” भिवानं गाभा एका हातानं लोंबता धरला आणि त्याच्यावर पान्हा मारला. “ऐका भाऊ. घंटाच.” त्यानं तो उद्धवरावांच्या कानाशी आणला आणि पुन्हा मारला. पान्हा गाभ्यावर पडताना उद्धवरावांनी पाहिला. सगळे आपल्याकडे पाहतायत हेही पाहिलं. कानात आलं ते एवढंच, की गादीवर कुणी मूठ आपटावी. पान्हा उचलला गेला, पुन्हा पडला. गादी. त्यांनी हसून मान डोलावली. गाभा मागून घेतला. “राहू दे मला,” म्हणाले. “पोरीला दाखवतो.”

गाडी एका स्टेशनात थांबली, दारं उघडली. दारं उघडताना काहीतरी टिंगटिंग वाजत असावं, कारण दारात उभी असलेली माणसं न बघताच मागे सरली. उद्धवराव खिडकीतल्या आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. हा कान. या एका कानावर यार्डात माणसं विश्वास टाकून होती. सहा मोठे तुकडे आणि एक लहान चावीचा तुकडा, असे सात मिळून एक कडं होतं, रिंग म्हणतात. आणि रिंगेला रिंग लागत लागत बोगदा पुढे जातो, एवढं तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. साच्यातून तुकडा निघाला, वाफेत शिजला, पाण्यात मुरला, की ओळीत उभा राहायचा, आणि उद्धवराव अर्ध्या किलोची हातोडी घेऊन त्याच्यापुढे उभे राहायचे. एकेका तुकड्यावर एकवीस ठिकाणी ठोकायचं. चांगला असला की टण्ण म्हणतो आणि मागे एक बारीक तार लांबवत नेतो. आत कुठं हवा अडकली असेल तर त्या जागी बद्द म्हणतो, तार नाही. मृदंगाची शाई कुठं भेगाळलीय हे बोटाला कळतं तसं त्यांना ते कळायचं. साहेबांनी, निरंजन साहेबांनी, ताथवड्याच्या कॉलेजातून ताज्याच आलेल्या त्या पोरगेल्या इंजिनियरनं, पहिल्या महिन्यात त्यांची परीक्षा घेतली होती. एका तुकड्यात मुद्दाम पोकळी ठेवली होती, आणि उद्धवरावांनी डोळे मिटून सातव्या ठोक्याला तिच्यावर बोट ठेवलं. “ऐकणं कुठं शिकलात?” साहेबांनी विचारलं. “कीर्तनात,” ते म्हणाले होते. “पंधरा टाळकऱ्यांत एकाचा टाळ फुटका असला तरी मागं बसून कळतं.”

यार्डात कान झाकायला बोंडं देत, नारंगी, मऊ, दोऱ्यात ओवलेली. साच्यांखालची थरथरती मेजं चालू झाली की जमीन हलायची. दातांत मुंग्या यायच्या. सगळे बोंडं घालत. उद्धवरावांनी ती गळ्यात माळेशेजारी लटकवून ठेवली. ज्याचं काम ऐकायचं त्यानं कान कसे बुजवायचे? असं ते म्हणत, आणि त्यांच्या त्या म्हणण्यात थोडा ताठा होता, हे त्यांना आता, दापोडीच्या पुलावरून नदीचं हिरवट पाणी सरकताना, स्पष्ट दिसलं. आणि कान गेला तोही असा नाही गेला की दार आपटून जावा. तो बिनबोभाट, दिवा बारीक करावा तसा कुणीतरी रोज थोडा थोडा बारीक करत नेला. आधी कीर्तनातला टाळ गेला. उद्धवराव मृदंगावर बसलेले असत, मागे टाळकरी दोन ओळींत झुलत असत, त्यांचे हात एकत्र येताना दिसत, आणि त्या हातांतून पूर्वी जी चांदी सांडायची ती सांडेनाशी झाली. त्यांना वाटलं, हल्लीच्या टाळांचं कासं, तो धातूच खराब. पिंपरीच्या बाजारातून स्वतः हिंडून जड टाळांची जोडी आणली, देवळाला दिली. तिचंही तेच. मग कीर्तनकार महाराजांच्या शब्दांच्या कडा गेल्या. आवाज यायचा, उतू जाणारा, मायेचा. पण पाण्याखालून आल्यासारखा, सगळा गोल, टोकं नसलेला. हल्लीचे महाराज घोळवून बोलतात, असं ते घरी म्हणाले. शालनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “महाराजांचं राहू द्या, मी मघापासून जेवायला हाका मारतेय. देवाचं तेवढं ऐकू येतं तुम्हाला, माझं नाही.” ते हसले. खरं तर देवाचंही येईनासं झालं होतं. पण देव ओठ हलवत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे मान डोलवायची सोय नव्हती. तिथं नुसतं उभं राहायचं, आणि उभं राहिलं की वाटायचं, हा सगळं जाणून आहे आणि कुणाला सांगत नाही.

अर्जुनराव मात्र चहाच्या टपरीवर सांगत असत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “निसतं पैशे मातीत घातलं ओ. पिंपरीत वरनं नेली ना गाडी? मग तिकडं काय हुतं वरनं न्यायला? जिमिनीच्या पोटात शिरायची खाज! त्येवढ्यात चार गावांस्नी पाणी झालं आसतं.” आणि उद्धवराव, ज्यांना तेव्हा अजून बऱ्यापैकी ऐकू येई, शांतपणे म्हणत, “वर जुन्या पेठा आहेत, अर्जुनराव. गल्लीगल्लीत देऊळ. खांब कुठं रोवणार? कुणाचं घर पाडणार?” “मंग पाडायचं. आमची रानं न्हाई का घेतली?” अर्जुनरावांच्या रानातली आंब्याची झाडं यार्डासाठी तोडली तेव्हा उद्धवराव शेजारीच उभे होते. पण रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना एक चित्र दिसायचं आणि ते चित्र त्यांना फार आवडायचं. वर एखाद्या पेठेतल्या देवळात पहाटेचा काकडा चाललाय, दहा-बारा म्हाताऱ्या, एक पेटी, धुपाचा वास, आणि बरोबर त्यांच्या खाली, साठ-सत्तर फुटांवर, आपण वाजवून पाहिलेल्या कड्यांमधून माणसांनी भरलेली एक उजळ गाडी चाललीय. वरच्यांना खालच्यांचा पत्ता नाही, खालच्यांना वरच्यांचा नाही. कुणी कुणाला उठवत नाही. एवढ्यासाठी जे काही गेलं ते गेलं, असं त्यांना वाटायचं. त्या गेलेल्यात आपलंही काही धरलेलं आहे, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

खडकी मागे पडली आणि गाडीनं मान खाली घातली. उजेड आधी पिवळा झाला, मग भिंती वर आल्या, आकाश एका पट्टीएवढं उरलं आणि ती पट्टीही मिटली. “आला, अप्पा!” दीपमालानं त्यांचा हात दाबला. काचेबाहेर काळोख होता आणि काळोखात थोड्या थोड्या अंतरावर दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली क्षणभर तो दिसत होता, राखाडी, बाकदार, दोन तुकड्यांमधल्या सांध्याची रेघ घेऊन. आपल्या हाताखालून गेलेला. रेघ, काळोख, रेघ, काळोख. उद्धवरावांना वाटलं आपण एका मोठ्या मृदंगाच्या आत शिरलोय, आतल्या अंधाऱ्या पोटात, जिथं वाजवणाऱ्याला कधी जाता येत नाही. आणि तिथं आवाज होता. खालचा, जाड, तळव्यातून गुडघ्यात आणि गुडघ्यातून बरगड्यांत चढणारा आवाज. तो त्यांना ऐकू येत होता. इतक्या दिवसांनी एखादा आवाज पूर्ण, कुठं तुकडा न पडता ऐकू येत होता, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पण पाण्यामागून भीती आली, तीही पूर्ण. कारण काल पान्हा गादीवर पडल्यापासून ते एकच गोष्ट मनात मागे मागे चालत तपासत होते, हरवलेली वस्तू शोधताना माणूस आपल्याच पावलांवरून जातो तसे.

ते असं होतं. पहिल्या बोगद्याच्या शेवटाकडे, सहाशे चौदाव्या रिंगेच्या सुमारास, तुकडे त्यांच्या कानाला बद्द लागू लागले. एका आठवड्यात त्यांनी अकरांवर फुली मारली. कासव त्यांतलंच. साहेबांनी कपाळाला हात लावला, सिमेंट बदललं, खडी बदलली, पण उद्धवरावांच्या कानावर शंका घेतली नाही. “उद्धवरावांनी फुली मारली की विषय संपला.” बाराव्या तुकड्यापुढे उभं राहिल्यावर तोही बद्द म्हणाला तेव्हा उद्धवरावांना पहिल्यांदा घाम फुटला. सगळेच कसे पोकळ असतील? मग त्यांनी मनाशी ठरवलं की नव्या खडीचा आवाजच असा. आणि त्या दिवसापासून ते ठोकत राहिले, एकवीस ठिकाणी, हात सवयीनं ठेक्यात पडे, भजनाचा ठेका, धीमा, गोड, आणि ठेक्यात एकदा हात पडला की मन पुढच्या पदावर जातं, ते एका ठोक्यापाशी थांबत नाही. ठोकून झालं की ते निरंजन साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत आणि खडूनं बरोबरची खूण करत. शेवटच्या, सातशे नव्वदाव्या रिंगेपर्यंत. म्हणजे फुली मारली ते चांगले होते, हे काल कळलं. मग खूण केली ते कसे होते? हे कुणाला ठाऊक? आणि दिवाळीनंतर पुढच्या बोगद्याचं काम निघालं तेव्हा साहेबांनी पेढा देऊन हातोडी पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली होती. सोमवारी नवी ओळ लागणार होती. बोललं तर हातोडी जाईल. हातोडी गेली की चार लोकांत कळेल का गेली, आणि मग सप्त्यात मृदंगावर कोण बसवेल बहिऱ्याला? मागे, खांबाशी, म्हाताऱ्यांत बसायचं आणि टाळकऱ्यांचे हात बघायचे. आणि नाही बोललं तर ही पोर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी त्या रेघांमधून जाणार, खिडकीशी बसून, मोबाइल बघत.

एक धक्का बसला, लहानसा, उभ्या माणसांनी दांडे धरावेत एवढाच, आणि गाडी थांबली. स्टेशन नव्हतं. खालचा आवाज तळव्यांतून उतरून गेला. लोकांनी वर पाहिलं, कुठूनतरी सूचना येत असावी, मग पुन्हा आपापल्या मोबाइलकडे वळले. खिडकीबाहेर बरोबर एक दिवा होता आणि दिव्याखाली भिंतीवर पांढऱ्या रंगात आकडा लिहिलेला होता. सातशे दोन. उद्धवराव त्या आकड्याकडे पाहत राहिले. हा तुकडा त्यांना आठवत नव्हता. त्यांना वाटलं होतं आठवेल. कडेला थोडा ओलावा होता, की रंगाची सावली होती? निरंजन साहेब एकदा कागदावर गोल काढून म्हणाले होते, “वरची माती दाबते म्हणून तर रिंग उभी राहते, उद्धवराव. सगळे एकमेकांना चेपून धरतात. एखादा कच्चा असला तरी बाकीचे धरतात.” तेव्हा त्यांना ते टाळकऱ्यांसारखं वाटलं होतं, एकाचा टाळ चुकला तर बाकीचे सांभाळून नेतात. आता वाटलं, हो, सांभाळून नेतात. पण ज्याचा चुकतो त्याला ते कळलेलं असलं तर त्यानं टाळ खाली ठेवायला नको का? विठोबा देवळात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असतो. त्यानं कधी काही सांगितलं नाही. पण त्याच्यापुढे कधी मान डोलावताही आली नाही.

त्यांनी पिशवीतून गाभा काढला.

“अप्पा, काढू नका म्हणालेत ना ते.”

“डब्यातला चमचा काढ. आणि ह्याच्यावर वाजव. एकदाच.”

“इथं?” ती हसली. शेजारच्या बाईकडे पाहून अवघडली. पण बापाचा पहिल्यापासूनचा हट्ट तिला ठाऊक होता. लहानपणी वाट्या मांडून कुठली कशी वाजते ते तो ओळखायला लावायचा. उद्धवरावांनी गाभा फडक्यातून उभा लोंबता धरला, आणि तिनं चमच्यानं हळूच ठोकला. शेजारच्या बाईनं मान वळवून पाहिलं. पलीकडच्या बाकावरच्या एका माणसानंही पाहिलं. “किती गोड, अप्पा!” दीपमाला म्हणाली. “टाळ लागला की मागं राहतं ना, तसं राहतंय अजून. … राहतंय. … आता थांबलं.”

इतका वेळ. ते तिच्या चेहऱ्यावर पाहत होते, चेहऱ्यावर ते राहिलं होतं आणि मग विझलं होतं.

“मला नाही आलं,” ते म्हणाले.

“काय?”

“ऐकू. परत वाजव.”

तिनं जोरात वाजवलं. “आता?”

“नाही.”

“गाडीच्या आवाजात नसेल येत—” ती हसत म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की गाडी उभी आहे. हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, काय करावं न कळून. मग तिनं चमचा मांडीवर ठेवला आणि त्यांच्या कानाकडे पाहिलं. जणू तिथं काही दिसणार होतं.

“किती दिवस?”

“चार वर्षं असतील. कासवाच्या आधीपासून.” आणि मग, तिनं काही म्हणायच्या आत, “साहेबांना फोन लाव. निरंजन साहेबांना. मला फोनवर कळत नाही, तू ऐकून मला सांग. बोलतो मी.”

“अप्पा, आत्ता? घरी जाऊन, आईशी बोलून…”

“आत्ता. गाडी निघायच्या आत. निघाली की मला बरं वाटायला लागेल, मग नाही बोलायचो मी.”

तिनं फोन लावला, कानाशी धरला आणि त्यांच्याकडे सरकवून तिरपा केला. उद्धवराव त्या काळ्या काचेजवळ तोंड नेऊन बोलले, मोठ्यानं, कारण आपला आवाज किती मोठा हेही त्यांना हल्ली कळत नव्हतं. साहेब, मी उद्धव. माझा कान गेलाय. सहाशे चौदापासून शेवटपर्यंत मी न ऐकता खुणा केल्यात. आणि नव्या कामातल्या दिवाळीपासूनच्या सगळ्या. डब्यातली माणसं बघत होती. कुणी हसलं नाही. बोलून झाल्यावर ते मागे टेकले आणि दीपमालाच्या चेहऱ्याकडे पाहू लागले.

“थांबा, लिहून घेतो म्हणतायत,” ती म्हणाली.

“थांब जरा.”

मग तिचे डोळे हलले. ती ऐकत होती, हं, हं करत होती. ती एकेक वाक्य त्यांच्या कानाशी आणून ठेवू लागली. “नव्या रिंगा सगळ्या पुन्हा वाजवून घेऊ म्हणाले, सोमवारी, एकही बाहेर जाणार नाही. … बोगद्यातल्या, गाडी बंद असते तेव्हा आत जाऊन बघू. वरच्यांना मी आजच कळवतो म्हणाले. … बाकीच्या तपासण्या झालेल्या आहेत म्हणाले, नुसत्या तुमच्या कानावर नव्हतं सोडलेलं, घाबरू नका. पण बघायचंच. … तुम्ही बरोबर या म्हणाले आत. कुठले तुकडे कुठल्या दिवशी ओतले ते तुमच्याइतकं कुणाला आठवत नाही.”

“आणि हातोडी?”

तिनं फोन कानापासून दूर केला. “भिवाकाकांकडे द्या म्हणाले.”

उद्धवरावांनी मान डोलावली. ऐकून डोलावली, सगळं ऐकून.

खालून तो आवाज परत आला, आधी तळव्यांत, मग गुडघ्यांत. सातशे दोन हा आकडा हळूच मागे सरकला, मग सातशे तीन, मग आकडे वाचता येईनासे झाले आणि नुसत्या रेघा राहिल्या. दीपमालानं फोन पर्समध्ये ठेवला आणि नाक पुसलं. गाभा त्यांच्या मांडीवर आडवा पडला होता, फडक्यात, कुंकवाचं टोक बाहेर. त्याच्या कडेला त्यांची डावी बोटं केव्हा हलू लागली ते त्यांना कळलं नाही. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, ते अंग बोलतं तसा तो बोगदा बोलत होता, आणि डावा हात त्याच्याबरोबर निघाला होता, धीमा, भजनाचा. उजवा हात मांडीवर स्वस्थ पडून होता. उजव्या अंगाचा बारीक आवाज आता त्यांचा नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी पाहिलं, दीपमालाच्या हातात पुन्हा चमचा आला होता. ती खिडकीकडे बघत होती, ओल्या डोळ्यांनी, आणि चमचा डब्याच्या झाकणावर पडत होता. ऐकू काही आलं नाही. पण तो पडताना दिसत होता, आणि बरोबर समेवर पडत होता.